महादेवाच्या डोंगराला पुरा फेरा

उमरदऱ्यात कोणाचं काम अर्ध्यात राहिलं की बाया म्हणायच्या, "दीपमालासारखं करून ठेवलं का व?" हे तिच्या तोंडावरही म्हणायच्या आणि दीपमाला हसायची. खोटं काय होतं त्यात? दहावीचे चार पेपर दिले, पाचव्या पेपरच्या दिवशी अंगाला हळद लागली. संग्रामपूरला शिवणक्लास लावला, तर पोलकं कापायला शिकली आणि शिवायला शिकायच्या आत क्लासवाल्या बाई गाव सोडून गेल्या. घराला पुढून गिलावा झाला, मागच्या विटा अजून उघड्या. नवरा शेषराव वांग्यांच्या वाफ्यात उभा राहून पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरी स्वयंपाक तेवढा पुरा होते. बाकी सगळं आठ आणे."

एक अर्धं मात्र असं होतं की त्यावर तिला हसू येत नसे. ते डोंगराचं.

गावाच्या पाठीशी, उत्तरेला, महादेवाचा डोंगर. अभयारण्य तिथून बरंच लांब राहतं, पण झाडी काही कमी नाही. साग, सालई, धावडा, मोह, आणि वर माथ्याजवळच्या कपारीत देऊळ. पिंडीवर बारा महिने झरा ठिबकतो. ते पाणी उत्तरेच्या गोमुखातून बाहेर पडतं आणि ओहळ होऊन मागच्या दरीत उतरतं. आता महादेवाची प्रदक्षिणा अर्धी असते हे लहान लेकरालाही ठाऊक आहे. गोमुखापर्यंत जायचं, तिथून मागं फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा गोमुखापर्यंत यायचं. त्या धारेवरून पाय न्यायचा नाही. उमरदऱ्यानं ही रीत देवळापुरती ठेवली नव्हती. ओहळ खाली नदीला मिळेपर्यंत महादेवाचाच, असं गाव मानायचं. गुरं ओलांडायची, वानरं ओलांडायची, माणूस ओलांडायचा नाही.

दीपमाला गावची आशाताई. सतरा वर्षं. तिच्या यादीत डोंगरामागचे दोन पाडे होते. ओहळाच्या अलीकडे सालईपाडा, पलीकडे मोहपाडा. एका पाड्यावरच्या चुलीचा धूर दुसऱ्या पाड्यावरून दिसायचा. पण सालईपाड्याला ती पश्चिमेच्या खिंडीतून बारा किलोमीटर सायकल मारून जायची आणि आल्या वाटेनं परत यायची. मोहपाड्याला दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या वाटेनं तेरा किलोमीटर, आणि पुन्हा आल्या वाटेनं परत. सायकल भावानं दिलेली, काळी, लेडीज, गिअर नसलेली. कॅरिअरला वजनकाटा, हँडलला लसीच्या डोसांची पेटी. ओहळाकाठी पोचली की एका मोठ्या सागाला सायकल टेकवायची, पाण्याला हात जोडायची, पलीकडच्या वाटेकडे बघायची आणि सायकल वळवायची. पलीकडची वाट तिची रोजचीच, पण इकडून तिकडे जोडलेली कधीच नाही. एकदा तरी या डोंगराला पुरा फेरा घालावा, देव उजव्या हाताला ठेवून, गावातून निघावं आणि न वळता गावात यावं, एवढं एक तिच्या मनात होतं. ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी आधी हसून घेतलं असतं आणि मग कानाला हात लावले असते.

कार्तिक सरता सरता एका रविवारी सकाळी वनरक्षक निशिगंधा तिच्या दारात येऊन उभी राहिली. धामणगाव बढ्याची पोरगी, दोन वर्षांपूर्वी इकडे बदलून आलेली. मोठ्या आवाजाची. मागे एक उंच, चष्मा लावलेला मुलगा, डोक्यावर हेल्मेट, हातात सायकल. तिची चाकं ट्रॅक्टरच्या नात्यातली वाटावीत इतकी जाड.

"ताई, हे चिन्मय. खामगावले बँकेत असतात. यांचं सायकलवाल्याईचं मंडळ आहे. त्याईले आपल्या डोंगरात गोल रस्ता पाह्यजे. मी म्हटलं, मले जीपचा रस्ता माहीत. सायकलीचा रस्ता पुसाचा असन तं आमच्या ताईले पुसा."

चिन्मयनं ओट्यावर बसून मोबाईल पुढे केला. हिरव्या डोंगराभोवती त्यानं लाल रेघ ओढली होती, बांगडीसारखी गोल. सतरा वर्षं तिच्या मनात होती ती बांगडी या पोरानं बोटानं काढून ठेवली होती.

"मावशी, सव्वीस किलोमीटर भरतंय. आम्हाला मध्यम राइड हवी आहे. फार सोपी नको, फार अवघड नको."

"मध्यम म्हंजे कोणासाठी मध्यम?"

चिन्मय अडखळला. "म्हणजे... साधारण माणसासाठी."

"साधारण माणूस मले अजून भेटला नाई," दीपमाला म्हणाली. "माझा हिशोब ऐका. नवव्या महिन्याची बाई ज्या वाटेनं चालत दवाखान्यात येते, ते वाट सोपी. सातव्या महिन्याची येते, दोनदा टेकते, पण हसत येते, ते मध्यम. अन् जिथं मीच सायकल खांद्यावर घेते, ते अवघड."

शेषराव मिरच्यांची पाटी घेऊन चालला होता. तो थांबून म्हणाला, "अन् जिथून ते अर्ध्यातून वापस येते, ते?"

"ते तुमचं घर," दीपमाला म्हणाली. निशिगंधा खो खो हसली. पाटी घेऊन शेषराव पुढे सटकला.

त्या दिवसापासून आखणी सुरू झाली. चिन्मय संध्याकाळी फोन करायचा आणि दीपमाला भाजी निवडता निवडता वाट सांगायची. त्यानं फेरा पूर्वेकडून सुरू केला होता, कारण नकाशात त्या बाजूचा चढ मऊ दिसत होता.

"नाई," ती म्हणाली. "पश्चिमेकून निघा. सकाळी तिकडं डोंगराची सावली राह्यते. चढ सावलीत होते. खिंड ओलांडली की ऊन पुढं येते, तवा उतार लागते. अन् दुसरं म्हंजे देव उजव्या हाताले पाह्यजे."

"दुसरं कारण नकाशात कसं लिहू, मावशी?"

"नका लिहू. पहिलं लिहा. दोन्हीनं रस्ता एकच होते."

थांबायच्या जागाही तिनंच ठरवल्या. चिन्मयनं दर पाच किलोमीटरला एक खूण केली होती. त्या तिनं पुसायला लावल्या. गरोदर बाया कुठं टेकतात ते तिला माहीत होतं. धावड्याखालचा सपाट दगड, खिंडीच्या अलीकडचं वळण, मोहपाड्याची पहिली विहीर. "त्याईच्या पायाले जे समजते ते मोबाईलले समजत नाई," असं ती म्हणाली. चिन्मयनं वाद घातला नाही. बाभळीच्या पट्ट्यात पंक्चर होतात म्हणून तिथं सायकल हातात धरायची. वानरांसमोर पिशवी उघडायची नाही. वळणावर घंटी वाजवायची, कारण पलीकडून मोळीवाली बाई आली तर तिला बाजूला होता येत नाही. सगळं त्यानं उतरवून घेतलं.

फक्त एका जागेबद्दल तिनं काही सांगितलं नाही. लाल रेघ ओहळ ओलांडत होती तिथं.

"तिथं उतार कसा आहे, मावशी? पाणी किती असतं?"

"पाह्यतो," असं म्हणून ती फोन ठेवायची.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी गावच्या वन समितीची बैठक बसली. बाहेरची माणसं जंगलात न्यायची तर गावाचा होकार कागदावर लागतो. निशिगंधानं तारीख रविवारची धरली होती. चौदा सायकली येणार होत्या. शुक्रवारपर्यंत होकार नाही मिळाला तर मंडळ दुसरा डोंगर धरणार होतं, आणि मग या डोंगरात असा योग पुन्हा केव्हा येणार? दीपमाला सत्तेचाळीस वर्षांची होती. तिच्या गुडघ्याला ते तिच्यापेक्षा नीट माहीत होतं.

घरोघरी घटाची पूजा आटोपून बाया डोंगराच्या पायथ्याच्या ओट्यावर जमल्या, पुरुष मागे उभे राहिले. निशिगंधानं नकाशा भिंतीला लावला. सगळ्यांनी मान डोलावली. गावात पाहुणे येतील, चहा-पोहे बचत गटाच्या बाया करतील, बरंच आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हे रेघ ओहळावरून गेली का व?"

ही वच्छलाबाई. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुरवाच्या घरची. नवरा गेल्यापासून देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, पिंडीवरचे बेल, सगळं तिच्याकडे. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण रेघ नेमकी दिसली होती.

"गेली, मामी," निशिगंधा म्हणाली.

"मंग नाई. महादेवाची धार ओलांडून गाड्या खेळाच्या? माझ्या सासऱ्यानं नाई केलं, माझ्या मालकानं नाई केलं. ज्याले गोल फिराचं आहे त्यानं चक्कीवर जाऊन बसावं."

ओट्यावर हशा पिकला आणि लगेच विरला, कारण माना डोलावणाऱ्या सगळ्यांनी आता माना खाली घातल्या होत्या. वच्छलाबाई नाही म्हणाली म्हणजे झालं. समितीचे अध्यक्ष पेनाला टोपण लावायला लागले.

एक गोष्ट दीपमालानं अकरा वर्षं पोटात ठेवली होती. ती सांगितली तर कदाचित वाट उघडली असती. आणि कदाचित उद्यापासून देवळाच्या पायरीवरही कोणी तिला उभं केलं नसतं. ती उठली.

"मामी, म्या ओहळ ओलांडला आहे."

खाली घातलेल्या माना वर झाल्या.

"अकरा वर्षं झाले. चैताचे दिवस होते, दुपारची वेळ. मी सालईपाड्यावर होती. पलीकून रुखमाबाईच्या मालकानं हाक मारली, तिले कळा सुरू झाल्या, मूल आडवं वाटून राह्यलं. गावात येऊन दुसऱ्या वाटेनं जावं तं पंचवीस किलोमीटर. म्या सायकल सागाले लावली अन् ओहळाच्या काठाकाठानं वर पळत गेली. म्हटलं, कुठं तरी असं सापडू दे देवा की पाणी नसन. वर मोठाल्या धोंड्याईची रास आहे. तिथं पाणी दिसत नाई, खालून नुसता आवाज येते. त्या धोंड्याईवरून गेली. गाडी येईपर्यंत तिच्यापाशी बसली. मायलेकी दोघी वाचल्या. मंग त्याच धोंड्याईवरून वापस आली, कारण सायकल इकडंच होती." तिचा आवाज बारीक झाला. "तवापासून दर सोमवारी अळणी उपास धरते. देवानं अजून काही केलं नाई. पण म्या केलं ते केलं."

शेषराव मागे पुरुषांत उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की बाई त्याच्या वांग्यांवरच्या अळीसाठी सोमवार करते.

वच्छलाबाई काठी टेकत पुढे आली आणि दीपमालाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघायला लागली.

"पाणी दिसत नव्हतं?"

"नाई. एका फटीत हातभर दिसे. तेवढी सोडून गेली."

"अन् हे तू अकरा वर्षं मले पुसलं नाई?"

"भेव वाटे, मामी."

"अवो येडे!" वच्छलाबाईनं काठी जमिनीवर आपटली. "धार झाकली असन तं दोष नाई! पान असो, गवत असो, लाकूड असो, गोटा असो. वरून झाकलं की खालून देव आपल्या वाटेनं, वरून माणूस आपल्या वाटेनं. माझा सासरा देवळात गर्दी झाली की गोमुखापुढं फरशी टाकून वर बेल पसरे अन् लोकाईले गोल जाऊ दे. म्या स्वतः पाह्यलं. कोणी पुसलंच नाई तं मी काय घरोघरी सांगत फिरू? गावानं नुसतं 'नाई' तेवढं ध्यानात ठेवलं!"

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "अकरा वर्षं अळणी खाल्लं माय तू. काऊन?"

निशिगंधानं दीपमालाला हाताला धरून खाली बसवलं. अध्यक्षांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. पण वच्छलाबाईनं हात वर केला.

"थांबा. माझं एक आहे. ते फट हातभर म्हणते ना? तिथं पाणी उघडं आहे. उघडं तं उघडं. ते झाकल्याबिगर एक चाक जाऊ देणार नाई. अन् पह्यले हे पाहा, खाली निघते ते पाणी महादेवाचंच आहे का. दुसरंच असन तं इतका धिंगाणा कायले? वरून बेल सोडा. खाली निघाला तं समजाचं."

शुक्रवारी सकाळी दीपमाला आणि निशिगंधा खिंडीतून वर गेल्या. धोंड्यांची रास तशीच होती, नुसता शेवाळाचा रंग काळपट झालेला. वरच्या अंगाला दीपमालानं अकरा बेलाची पानं पाण्यात सोडली. प्रत्येकाला हात जोडले. पानं गरगर फिरली आणि धोंड्यांखाली गेली. दोघी धावत खालच्या अंगाला आल्या, जिथं पाणी पुन्हा उजेडात येत होतं.

काही नाही आलं. एक वाळकी काडी आली. एक खेकडा बाहेर डोकावून आत गेला.

"अडकलं असन," निशिगंधा म्हणाली.

दीपमाला गुडघ्यावर बसून राहिली. ओठ हलत होते. वरती कुठंतरी सुतार पक्षी ठोकत होता. बराच वेळ गेला, आणि मग एक हिरवं त्रिदळ धोंड्याखालून निघालं, उलटं, ओलं, चमकणारं. मागोमाग दुसरं. निशिगंधा मोठमोठ्यानं मोजायला लागली. नऊ निघाली.

"दोन कुठं गेली?"

"दोन त्यानं ठेवून घेतली," दीपमाला म्हणाली आणि तोंडावर पाणी मारून घेतलं.

आता फट झाकायची होती. जंगलातला धोंडा हलवायचा तर चार माणसं लागली असती, आणि निशिगंधाच्या नियमात जंगलातलं काही फोडता येत नव्हतं, उपटता येत नव्हतं. लाकडाची फळी टाकावी तर कुजून पाण्यात पडायची. दीपमालानं फट वितीनं मोजून आणली. दोन विती लांब, एक रुंद.

संध्याकाळी ती वच्छलाबाईच्या अंगणात गेली. वच्छलाबाईनं माप ऐकलं, आत गेली आणि भिंतीला उभा केलेला मसाल्याचा पाटा दाखवला. लग्नातला. मधे खोलगट झालेला, कडा गुळगुळीत.

"हा ने. बरोबर बसन."

"मामी, हा तुमचा..."

"माझी सून मिक्सरवर वाटते. हा भिंतीकडं तोंड करून बसला आहे सहा वर्षं. त्याले काही काम दे. वरवंटा राहू दे, माणसं अंगावर आली तं लागते."

त्याच रात्री अध्यक्षांनी होकाराच्या कागदावर सही केली. शनिवारी शेषरावानं आपणहून पाटा सायकलच्या कॅरिअरला बांधला. आधी गोणपाट, मग दोरी, मग पुन्हा दोरी. बांधता बांधता म्हणाला, "मी टमटमनं नेऊन देतो खिंडीपर्यंत."

"नाई. मीच नेते."

"वीस किलो भरन ते."

"तुमची वांगी बाजारात नेत होती तवा काऊन नाई मोजलं?"

तो खाली बसून तिच्या सायकलच्या चेनला तेल घालायला लागला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्यात हे पहिल्यांदाच.

चढावर तीन वेळा उतरून ढकलावं लागलं. धावड्याखालच्या दगडावर, जिथं तिच्या गरोदर बाया टेकतात, तिथं ती पण टेकली, आणि मनाशी म्हणाली, बरोबर आहे, मध्यमच आहे. निशिगंधा पुढे गेली होती. दोघींनी पाटा धोंड्यांवरून सरकवत नेला आणि फटीवर ठेवला. तो असा बसला की जणू त्या जागेसाठीच टाकी मारून घडवला असावा. खालचा आवाज थोडा दबला, थांबला नाही. दीपमालानं वर बेल पसरला.

निशिगंधा म्हणाली, "जंगलातून दगड नेऊ नये असा कायदा आहे. आणू नये असा नाई. मी वाचून पाह्यलं."

रविवारी सकाळी साडेसहाला चौदा सायकली डोंगराच्या पायथ्याला उभ्या होत्या. रंगीत कपडे, रंगीत हेल्मेट, आणि मधे दीपमालाची काळी लेडीज. तिनं नऊवारी नाही, साधी गोल साडी नेसली होती आणि पदर कमरेला घट्ट खोचला होता. चिन्मयनं आपली दुसरी गिअरची सायकल तिच्यासाठी आणली होती.

"मावशी, ही घ्या. चढावर हलकी जाईल."

"हिनं सतरा वर्षं अर्धा फेरा मारला, भौ. पुऱ्या फेऱ्याले दुसरीले नेऊ? हे रुसन."

त्यानं हेल्मेट दिलं. ते तिनं घेतलं. डोक्यावर पदर आणि त्यावर हेल्मेट पाहून बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि वच्छलाबाईनं त्या हेल्मेटलाच कुंकू लावलं.

खिंडीचा चढ तिनं सांगितल्याप्रमाणे सावलीत झाला. पहिल्या टप्प्यावर पुढे पळालेले दोघे दुसऱ्या टप्प्यावर धापा टाकत बसलेले सापडले. तिनं घंटी वाजवली आणि त्यांच्या बाजूनं निघून गेली. "मध्यम आहे ना?" असं विचारायला विसरली नाही. बाभळीच्या पट्ट्यात एकानं सायकल हातात न धरता दामटली आणि त्याचं पुढचं चाक फुस्स झालं. खिंडीत ऊन समोर आलं. खाली दरी, दवानं भिजलेला साग, आणि सालईपाड्याचा धूर.

सागापाशी ती सवयीनं उतरली. हात सवयीनं सायकल टेकवायला गेला. मग तिनं सायकल उभीच धरली आणि काठाकाठानं वर चालायला लागली. मागे चौदा जण एका ओळीत. धोंड्यांपाशी तिनं चपला काढून कॅरिअरला अडकवल्या. कोणाला काही सांगितलं नाही. मागे वळून पाहिलं तर चिन्मय बूट काढत होता, आणि त्याच्यामागे सगळेच. पाट्यावरचा बेल ताजा होता. तिनं वाकून त्याला हात लावला, पुढचं चाक उचललं, मग मागचं. पाय पाट्याच्या खोलगट भागात पडला. थंड, गुळगुळीत. खाली पाणी बोलत होतं.

आणि ती पलीकडे होती. सायकलीसकट.

मोहपाड्याच्या विहिरीवर रुखमाबाई भरल्या कळशा घेऊन उभी होती. सोबत अकरा वर्षांची लेक. रुखमाबाईनं पश्चिमेकडून येणारी दीपमाला पाहिली आणि कळशी खाली ठेवून म्हणाली, "ताई, आज तिकून?"

"हाव. आज तिकून. अन् आता इकून जातो," दीपमाला म्हणाली. मग ती एका दमात अख्खा तांब्या पाणी प्यायली.

पुढचे तेरा किलोमीटर तिला पाठ होते, पण तिनं ते नेहमी जाताना चढाचे आणि येताना थकलेले पाहिले होते. आज ते समोरून नवे येत होते. उतारावर तिनं पायडल सोडून दिले. पदर मागे फडफडला. मोळी घेऊन येणाऱ्या दोन बाया घंटी ऐकून आधीच बाजूला झाल्या आणि "आशाताई, हेल्मेट!" म्हणून ओरडल्या. तिनं हात हलवला. एवढ्या वर्षांत सायकल चालवताना तिनं कधी एक हात सोडला नव्हता.

गावात साडेदहापासून गर्दी जमली होती. आरतीचं ताट, हळदकुंकू, बचत गटाचे पोहे, आणि शेषराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. सगळे पश्चिमेच्या टोकाला, चिंचेखाली, खिंडीच्या वाटेकडे डोळे लावून उभे. सतरा वर्षं दीपमाला पश्चिमेला गेली की पश्चिमेकडूनच परत यायची. म्हणून अख्खं गाव तिथंच जाऊन उभं राहिलं होतं.

"अकरा वाजले," कोणीतरी म्हणालं. "अर्ध्यात तं नाई ना राह्यली?"

"बोलू नको बे," शेषराव म्हणाला. आज पहिल्यांदा त्याला तो विनोद आवडला नाही.

मागून घंटी वाजली. कोणी लक्ष दिलं नाही. दूधवाला असेल. पुन्हा वाजली. वच्छलाबाईनं तेवढी मान वळवली. तिला दिसलं अंधूकच, पण लाल कुंकवाचं हेल्मेट कोणाचं ते तिला सांगावं लागलं नाही.

"अरे बाप्पा, फिरा! इकडं फिरा! बाई मांगून आली!"

सगळं गाव एकदम वळलं. पूर्वेच्या रस्त्यानं दीपमाला येत होती. मागे चौदा सायकली, सगळ्या घंट्या वाजवत. शेषराव ताट घेऊन धावला, निम्म्या वाटेत पोहे ठेवलेल्या बाकड्याला धडकला, ताटातला दिवा विझला. वच्छलाबाईनं तो पुन्हा लावला. दीपमाला सायकलवरून उतरली. सकाळी निघताना धुळीत उमटलेली तिच्या चाकाची रेघ अजून चिंचेकडे जाताना दिसत होती. तिनं सायकल ढकलत नेऊन पुढचं चाक त्याच रेघेवर आणून ठेवलं.

"झालं," ती म्हणाली.

"पुरं?" शेषरावानं विचारलं.

"पुरं."

वच्छलाबाईनं तिला ओवाळलं, तिच्या तोंडात साखर घातली आणि म्हणाली, "उद्या सोमवार आहे. मीठ घालून खाशीन. मी पाह्याले येईन."

"उपास तं धरीनच, मामी. पण साबुदाण्याची खिचडी करीन, मीठ, मिरची, दाण्याचा कूट, सगळं घालून. तुमी जेवाले या."

चिन्मय हेल्मेट काढत जवळ आला. मोबाईलवरची लाल बांगडी त्यानं पुढे केली. पण आता तिच्यावर त्याच्या बोटाची रेघ नव्हती, तर खरंच गेलेल्या चाकांची होती. "मावशी, या वाटेला नाव द्यावं लागतं. काय लिहू?"

दीपमालानं मान वळवली. मागे तिच्या घराची बिनगिलाव्याची भिंत दिसत होती. शेषरावही तिकडेच पाहत होता.

"महादेवाचा पुरा फेरा लिहा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी असे पाहू नका त्या भिंतीकडं. उद्या गवंड्याले बोलवा. आता माझ्या हातचं काही आठ आणे राह्यत नाई."